आजोबांची एफसी-१५० आणि नववीतली मुलगी : कामाचा क्रम कसा लावावा

कऱ्हाड तालुक्यातील एका शेतकरी गृहस्थांचा प्रश्न असा आहे. त्यांच्या वडिलांनी घेतलेली १९७१ची महिंद्रा एफसी-१५० पिकअप २००४पासून गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. इंजिन फिरत नाही, ब्रेकचे पेडल थेट तळाला जाते आणि केबिनचा पत्रा पायाशी सडला आहे. नववीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने ही गाडी आपण दोघांनी मिळून उभी करायची, असा हट्ट धरला आहे. आधी इंजिन चालू करून पाहावे काय, मुलीच्या हाती कोणते काम द्यावे, खर्च किती येईल आणि कागदपत्रांचे काय, एवढे त्यांना हवे आहे.

काम जरूर हाती घ्या. मात्र आधी इंजिन चालू करून पाहण्याचा विचार सोडून द्या, ब्रेकपासून सुरुवात करा, आणि ब्रेकचे काम मुलीच्या नावावर लिहा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौतीस वर्षे जुन्या जीप आणि पिकअप उघडत-बांधत आल्यावर माझे हे मत झाले आहे. बापलेकांनी हौसेने सुरू केलेल्या आणि मध्येच सोडून दिलेल्या गाड्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांची कथा सारखीच असते. पहिल्या रविवारी बॅटरी जोडून इंजिन उठवण्याचा प्रयत्न होतो, ते उठले तर आता सगळे सोपे आहे असे वाटते आणि न उठले तर सगळेच अशक्य वाटते. दोन्ही वेळा अंदाज चुकतो आणि श्रावण संपेपर्यंत गाडीवर पुन्हा ताडपत्री येते.

आधी गाडीविषयी थोडे सांगतो, कारण सुटे भाग कुठे मिळतील आणि कुठे अडेल, हे तिच्या जन्मावरून ठरते. अमेरिकेतील विलीज कंपनीने हे मॉडेल १९५६च्या अखेरीस बाजारात आणले. त्याची चपट्या तोंडाची रचना ब्रुक्स स्टीव्हन्स यांची. आपल्याकडे महिंद्राने १९६५पासून ते बांधायला घेतले. चालक इंजिनाच्या मागे न बसता जवळजवळ त्याच्यावरच बसतो, त्यामुळे ८१ इंचांच्या आखूड व्हीलबेसवरही (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावरही) मागे चांगला मोठा हौदा बसवता आला. इंजिन मात्र त्या काळच्या जीपचेच, म्हणजे हरिकेन नावाचे चार सिलिंडरचे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ असा की इंजिन, गिअरबॉक्स, क्लच आणि ब्रेक यांचे सामान जीपचेच असल्याने आजही मिळते. कोल्हापुरात नाही मिळाले तर पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मिळते. केबिनचे सामान मात्र या गाडीचे स्वतःचे आहे. दाराची कडी, काचेचे रबर, समोरची काच यांपैकी काही फुटले, तर पैसे मोजूनही ते वेळेवर मिळेल याची खात्री कोणी देणार नाही. म्हणून पहिल्याच दिवशी समोरची काच सांभाळून उतरवा आणि घोंगडीत गुंडाळून घरात उभी करून ठेवा. गोठ्याजवळ ठेवू नका; म्हशीच्या शिंगाने काच फुटल्याचे मी पाहिले आहे.

काच उतरवल्यावर पहिले दोन-तीन रविवार आणखी काहीही न उघडता घालवा. मुलीला एक जाड वही द्या, आणि ती वही तिच्याशिवाय कोणी लिहायची नाही असा नियम करा. प्रत्येक बाजूचा, प्रत्येक नळीचा आणि वायरच्या प्रत्येक जोडाचा फोटो मोबाइलवर काढून त्याचा क्रमांक वहीत लिहायचा. पुढे उतरवाल तो प्रत्येक नट-बोल्ट जुन्या शेंगदाण्याच्या पिशव्यांत किंवा डब्यांत ठेवून त्यावर चिठ्ठी लावायची. हे काम कंटाळवाणे दिसते. पण आठ महिन्यांनी एका डब्यात अकरा बोल्ट उरतात आणि ते कुठले हे दोघांनाही आठवत नाही, तेव्हा त्या वहीची किंमत कळते.

याच टप्प्यावर चेसी नंबर शोधून घ्या. नंबराच्या जागेवरची घाण रॉकेलच्या बोळ्याने पुसा. पॉलिशपेपर किंवा ग्राइंडर तेथे चुकूनही लावू नका. मग पातळ कागद त्यावर धरून मऊ पेन्सिल आडवी घासायची, म्हणजे आकडे एकेक करून कागदावर उमटतात. आरटीओत पुढे हा पेन्सिलचा ठसा लागतोच, आणि पन्नास वर्षांपूर्वी लोखंडात ठोकलेला आकडा आपल्या हाताखाली उमटताना पाहिलेले मूल गाडीपासून सहसा दूर जात नाही. एका रंगाऱ्याने हाच नंबर लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत करून टाकला होता. तो पुन्हा वाचण्याजोगा करून तपासणीसाठी न्यायला गिऱ्हाइकाचे आणि माझे मिळून चार महिने गेले.

आता चाके. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरायचे नाही, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते आणि तरी मोडली जाते. चेसीखाली चार भक्कम लोखंडी घोड्या लावल्याशिवाय मुलीला जवळही येऊ देऊ नका. या गाडीची आणखी एक खोड आहे, ती पुष्कळ मेकॅनिकांनाही माहीत नसते. हिचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर आहे. मागचे एकच चाक जॅकने उचलले की मधल्या डिफरन्शियलमुळे उचललेले चाक उलटे फिरू शकते आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला असतानाही गाडी सरकते. म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी पाचरी लावूनच जॅक लावा. दुसरी गोष्ट चाकांच्या नटांची. या जातीच्या जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटी आटी असते. नट हलत नाही म्हणून पान्याला पाइप घालून नेहमीच्या दिशेने जोर लावाल, तर तो आणखी घट्ट होईल आणि शेवटी स्टड तुटेल. स्टडच्या टोकावर एल हे अक्षर ठोकलेले आहे का, ते मुलीला आधी ब्रशने साफ करून पाहू द्या. कोणत्या दिशेला फिरवायचे, हे तिने तुम्हाला सांगावे.

ब्रेक आधी का, तर या गाडीला ब्रेकची एकच वाहिनी आहे. आजच्या गाड्यांत ती दोन भागांत विभागलेली असते, त्यामुळे एक भाग गेला तरी दुसरा थोडाफार धरतो. इथे चारांपैकी एका चाकातला एक रबरी वॉशर गळला की चारही चाकांचा ब्रेक एकाच वेळी जातो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. वीस वर्षे उभ्या गाडीत तो ओलावा ब्रेकच्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीला खड्डे पाडतो. त्यामुळे पेडलला थोडा दाब आला म्हणून जुन्या सिलिंडरांवर भरवसा ठेवता येत नाही.

हे काम लहान हातांना साजेसे आहे. चाकातला ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर मुठीत मावतो, आत दोन पिस्टन, दोन वॉशर आणि एक स्प्रिंग एवढाच संसार असतो, चुकले तर उलगडून पुन्हा बांधता येते, आणि बरोबर झाले की नाही हे कोणाला विचारावे लागत नाही, कारण पेडलच ते सांगते. ड्रम काढल्यावर आतली धूळ हवा मारून उडवू नका आणि कोरड्या ब्रशनेही झाडू नका. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये (ड्रमला घासणाऱ्या पट्ट्यांमध्ये) ॲस्बेस्टॉस असते आणि ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. साबणाच्या पाण्याने भिजवून फडक्याने पुसा, फडके पिशवीत बांधून टाका, आणि हे पुसण्याचे काम तुम्ही मास्क लावून स्वतः करा. मुलीने त्यानंतर यावे.

सिलिंडर सुटा झाल्यावर तो उजेडात धरून मुलीने आतून नखाने चाचपावा. नुसता डाग असेल तर बारीक पॉलिशपेपर ब्रेक ऑइलमध्ये भिजवून गोल फिरवला की तो निघतो. नख अडकले तर तो खड्डा आहे, आणि तो सिलिंडर बदलायचा किंवा लेथवर आत पितळी बुश घालून घ्यायचा. हा निर्णय तिला घेऊ द्या. नवे वॉशर बसवताना फक्त ब्रेक ऑइल लावा. ग्रीस, इंजिन ऑइल किंवा पेट्रोलचा हात लागला तरी रबर फुगते आणि महिन्याभरात ब्रेक अडकू लागतो. जुन्या रबरी होज बाहेरून चांगल्या दिसल्या तरी बदला; त्या आतून सुजतात, दाबलेले ऑइल पुढे जाऊ देतात आणि परत येऊ देत नाहीत, मग चाक तापत राहते आणि दोष लायनरला दिला जातो. लोखंडी नळ्याही नव्या घ्या. तांब्याची नळी सहज वाकते म्हणून कोणी सुचवील, तर नको म्हणा. सततच्या हादऱ्याने तांबे कडक होऊन चिरते.

मग हवा काढण्याचा दिवस येतो. या कामाला दोनच माणसे लागतात आणि ती एकमेकांना दिसत नाहीत: एक केबिनमध्ये पेडलवर, दुसरे चाकाशी निपलवर, म्हणजे हवा सोडण्याच्या स्क्रूवर. पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरपासून जे चाक सर्वांत लांब, तिथून सुरुवात करायची. चाकाशी बसलेल्याने ‘दाब’ म्हणायचे, वरच्याने पेडल दाबून ‘धरलंय’ म्हणायचे, खालच्याने निपल सैल करायचा, बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडबुडे येतात ते पाहायचे, निपल आवळून झाल्यावरच ‘सोड’ म्हणायचे. निपल आवळण्याआधी पेडल सुटले की हवा परत आत जाते आणि सगळे पहिल्यापासून. या कामात पेडलवर तुम्ही बसा आणि चाकाशी मुलीला बसवा, म्हणजे हुकूम ती देईल आणि तुम्ही पाळाल. चारही चाके झाल्यावर पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरा. ते किंचितही खाली सरकता कामा नये. नंतर प्रत्येक ड्रमच्या आतल्या बाजूला कोरडे फडके फिरवून ओल आहे का ते तिने पाहावे. रस्त्यावर काढण्यापूर्वी हे काम एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्याच, आणि तो तपासत असताना प्रश्नांची उत्तरे मुलीला देऊ द्या.

मुलांच्या हाती काम देण्याविषयी मी एवढ्या आग्रहाने लिहितो, याचे कारण माझ्या घरचे आहे. माझा मुलगा बारा वर्षांचा असताना आम्ही एक जीप बांधत होतो. डेल्कोमधल्या, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या, सीबी पॉइंटची फट लावण्याचे काम मी त्याला दिले. मूळच्या ऑटोलाइट डेल्कोला ही फट ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर लागते. फिलर गेजची पाती किंचित अडत सरकली पाहिजे. यात गोम अशी असते की फट बरोबर लावून स्क्रू आवळला की ती आवळण्याने पुन्हा हलते. त्याने चार वेळा लावली, चार वेळा ती हलली. संध्याकाळ होत आली होती, गिऱ्हाईक येऊन उभे होते. पाचव्या वेळी मी त्याच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि अर्ध्या मिनिटात काम उरकले. जीप पहिल्या हँडलला सुरू झाली, गिऱ्हाइकाने माझी पाठ थोपटली, आणि मुलगा हात धुऊन घरी गेला. तो संपूर्ण पावसाळा तो गॅरेजकडे फिरकला नाही. आज तो माझ्याच शेजारी लेथ चालवतो, माझ्यापेक्षा सफाईने चालवतो. पण पॉइंट लावत असताना मी मागे जाऊन उभा राहिलो की त्याचा हात अजूनही थांबतो. स्क्रू आधी अर्धा आवळून ठेवावा, फट लावावी आणि मग उरलेला आवळावा, म्हणजे ती हलत नाही. एवढे एक वाक्य त्या दिवशी सांगितले असते तरी पुरले असते. तुमच्या मुलीचे हात अडतील तेव्हा वाक्य सांगा आणि तुमचे हात खिशात ठेवा.

ब्रेक झाल्यावर इंजिनाकडे वळा. अडकलेले इंजिन ट्रॅक्टरने ओढून फिरवण्याचा मोह गावाकडे हमखास होतो, कारण ट्रॅक्टर दारातच असतो. तो टाळा. रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटलेल्या असतात, त्या ओढण्याने तुटतात. शिवाय या इंजिनाची रचना निराळी आहे: हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, तर धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात, आणि खालचे हे व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे उभ्या गाडीत गाइडमध्ये उघडेच अडकून बसतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल समप्रमाणात मिसळून दोन-तीन मोठे चमचे सोडा आणि आठ-दहा दिवस वाट पाहा. मधे एकदा पुन्हा सोडा. तोवर इंजिनाखालचे ऑइलचे चेंबर उतरवून त्यातला गाळ काढा. मग क्रँकच्या नटावर लांब दांड्याचा पाना लावून हळूहळू पुढे-मागे झुलवा. बोटभर हलले तरी त्या दिवशी तेवढ्यावरच थांबा.

इंजिन मोकळे फिरू लागले की कॉम्प्रेशन गेज आणा आणि चारही सिलिंडरांचे आकडे मुलीला वहीत लिहू द्या. आकडा किती आहे यापेक्षा चौघांत फरक किती, हे महत्त्वाचे. दहा पौंडांहून अधिक फरक असेल, तर कमी आकड्याच्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा. शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच मिळत असेल. बोअर करण्याची, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करण्याची वेळ आलीच, तर आधी ओव्हरसाइज पिस्टन हातात घ्या आणि तेच पिस्टन लेथवाल्याला देऊन त्या मापाने बोअर करून घ्या. आधी बोअर आणि मग पिस्टनचा शोध, असे केल्याने निकामी झालेले ब्लॉक मी पाहिले आहेत.

पेट्रोलविषयी एक सूचना, जी दहा वर्षांपूर्वी मी दिली नसती. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. तुमच्या गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा, नळ्या आणि कार्ब्युरेटरमधले जुने रबर यांनी इथेनॉल कधी पाहिलेले नाही. ते मऊ पडते, फुगते आणि पाझरू लागते. नळ्या इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांना लागणाऱ्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्या. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा. टाकीला भोक असेल तर तिला वेल्डिंग हा विचारही नको. वर्षानुवर्षे रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते आणि ती बॉम्बसारखी फुटते. हे काम रेडिएटर-टाकीचे काम करणाऱ्या कारागिराकडे द्या. रेडिएटरही त्याच फेरीत नेऊन, नळ्यांत रॉड मारून साफ करून आणा.

या गाडीची एक सोय तुमच्या मुलीला विशेष आवडेल. इंजिन केबिनच्या आत, दोन आसनांच्या मधल्या पेटीखाली आहे. पेटी उचलली की आसनावर मांडी घालून कार्ब्युरेटर आणि डेल्कोपर्यंत हात पोहोचतो. बंपरवर ओणवे व्हावे लागत नाही. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. एक्झॉस्टचे पॅकिंग किंचित जरी गळत असेल, तर धूर सरळ तुमच्या दोघांच्या नाकाशी येतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेटीच्या कडेचे रबर नवे लावा, फरशीतली भोके बुजवा, आणि शेडमध्ये दारे लावून इंजिन कधीच चालू करू नका.

ग्राइंडर, वेल्डिंग, स्प्रे-पेंटिंग, पाट्यांच्या ताणलेल्या कमानी आणि बॅटरीचे ॲसिड या पाच गोष्टी मुलीला देऊ नका. त्या देता येत नाहीत हे तिला कारणासह सांगा; बंदी आणि कारण एकत्र आले की चौदा वर्षांचे मूल ते मानते. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसे असण्याचा संभव असतो. पाणी मारून ओलाच घासा. वायरिंगमध्ये जुनी कापडी वेष्टनाची वायर दिसली तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता सगळी हार्नेस (वायरची जुडी) नवी करा आणि फ्यूजची संख्या वाढवा.

पत्राकामाविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्ही घरी करणार नाही. सडलेला पत्रा कापून नवा जोडणारा डेंटर शोधा. सडलेल्यावर पत्रा ठोकून वरून लांबी भरणाऱ्याची गाडी दोन पावसाळे टिकते. हौद्याचा फाळका मात्र मूळचाच ठेवा, वाकलेला असला तरी. दुधाच्या कॅनांनी आणि गुळाच्या रव्यांनी तो वाकवला असेल, तर तो सरळ का करायचा?

खर्चाचा आकडा गाडी न पाहता सांगणे जोखमीचे आहे. तरी इंजिन पूर्ण बांधावे लागले आणि पत्राकाम नीट केले, तर दोन वर्षांत मिळून तीन लाखांची तयारी मनाशी ठेवा, आणि इंजिनापेक्षा पत्रा व रंगच जास्त खातील हे गृहीत धरा. लाखाच्या आत सगळे करून देतो असे कोणी म्हणाले, तर तो ब्रेकच्या नळ्या जुन्याच ठेवणार आहे. हिशेबही त्याच वहीत, त्याच हाताने लिहिला जावा.

कागदपत्रांचे काम मात्र आजच सुरू करा. ते गाडीपेक्षा सावकाश चालते. वडील हयात नसतील तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१, आरसी बुक हरवले असेल तर दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६, आणि गाडी खासगी म्हणून नोंदलेली असेल तर नूतनीकरणासाठी फॉर्म २५ लागतो; मालवाहू म्हणून नोंद असेल तर फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. जुन्या तीन अक्षरी नंबरच्या गाड्यांची माहिती पुष्कळदा संगणकावर चढलेलीच नसते, तेव्हा आधी ती नोंद करून घ्या. एफसीमध्ये मधल्या काळात डिझेल इंजिन घालण्याची चाल होती, म्हणून इंजिनावरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर ताडून पाहा. फरक असेल तर ते आरटीओपासून लपवू नका, नोंदवून घ्या.

व्हिंटेज नोंदणीचे तुम्ही कोणाकडून तरी ऐकाल. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली वगैरे कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. तुम्हाला तिच्यातून शेतातला माल न्यायचा असेल, तर तो मार्ग तुमचा नव्हे.

मुलगी गाडी चालवायला मागेल, आणि तिनेच ब्रेक बांधल्यावर नाही म्हणणे जड जाईल. तरी अठरा वर्षांपर्यंत नाहीच, आणि गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर विसापर्यंत. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी ही गाडी तोंडाकडून जड आणि शेपटीकडून हलकी आहे. रिकाम्या हौद्याने जोरात ब्रेक दाबला की मागची चाके घसरतात. पहिली चाचणी ऊस तुटून गेलेल्या मोकळ्या वावरात तुम्ही घ्या, हौद्यात दोनशे किलो खताच्या किंवा वाळूच्या गोण्या टाकून. ती बांधावर उभी राहून चारही चाकांच्या खुणा मातीत सारख्या उमटतात का ते पाहील. एका चाकाची खूण लांब आणि तीन चाकांच्या तोकड्या दिसल्या, तर पुढचा रविवार कोणत्या चाकाशी घालवायचा हे वहीत लिहिले जाईल.

सामान आत्ताच एकदम विकत घेऊ नका. आधी एक पुढचे आणि एक मागचे चाक उघडा आणि दोन्ही व्हील सिलिंडरांचा आतला व्यास मोजा; पुढचे आणि मागचे माप वेगळे निघेल, म्हणून दोन्ही हवेत. मास्टर सिलिंडरवर काही आकडे ठोकलेले असतील तर तेही उतरवून घ्या. मापे कळवलीत की वॉशरचा कोणता संच मागायचा ते सांगतो. व्हर्नियर मुलीच्या हातात असू द्या, आणि तिने तीनदा मोजून तीनही आकडे पाठवावेत.